काटोल ते कळमना: एका टेंपोचालकाच्या कंबरेचे प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरात माझे फिजिओथेरपीचे छोटेसे केंद्र आहे, हे प्रकरण तिथले. माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव देत नाही, नुसते 'भाऊ' म्हणतो. नागपुरात तसेही सगळे भाऊच असतात.

भाऊ ४४ वर्षांचे. दिघोरीकडे घर, स्वतःचा छोटा हत्ती (छोटा मालवाहू टेंपो) आणि त्यावर महिन्याला १४ हजारांचा हप्ता. वर्षभर मिळेल ते भाडे घ्यायचे, पण खरी कमाई संत्र्याच्या दोन हंगामांत: दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहार, मग फेब्रुवारी-मार्चात मृग. संध्याकाळी काटोलकडच्या बागेत गाडी लावायची, केबिनमध्ये पाय दुमडून दोन-तीन तास झोपायचे, रात्री एक-दीडला उठून कॅरेट भरायचे आणि पहाटे कळमन्याच्या बाजारात माल पोचवायचा. एका कॅरेटचे वजन २०-२२ किलो, एका खेपेला तीस-पस्तीस कॅरेट. जागे राहायला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. दिवसाला सात-आठ पुड्या, हंगामात त्याहून जास्त.

आधीची सहा वर्षे त्यांना वर्षातून एकदोनदा उसण भरायची. गल्लीत एक पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) बाई आहेत. त्यांच्याकडून कंबरेवर हलकी लाथ मारून घ्यायची, की तीन दिवसांत माणूस मोकळा. उसण तीन-चार दिवसांत बहुतेकदा आपली आपण उतरतेच, श्रेय मात्र लाथेला. मी या प्रकाराला हसत नाही. तीन दिवसांत बरे होणार असा ठाम भरवसा देऊन माणसाला पुन्हा चालते करणारी ती बाई होती, आणि पुढे एक्स-रे पाहणाऱ्यांनी जे केले त्यापेक्षा ते कमी नुकसानीचे होते.

अडचण

नोव्हेंबरातली पहाट. कळमन्यात गाडी लागली, भाऊ केबिनमधून उतरून थेट हौद्यात चढले. अगदी आतल्या रांगेतले कॅरेट गुडघ्यांवर बसून, हात लांब करून, कंबरेतून पिळा देत ओढले आणि कंबरेत 'कट्टकन' झाले. हमालांनीच त्यांना खाली उतरवले.

यावेळी लाथेने भागले नाही. मालीश झाली, पट्टा आला, आणि कोणीतरी 'पूर्ण आराम' सांगितल्यामुळे भाऊ बारा दिवस पाठीवर पडून राहिले. कंबर थोडी हलकी झाली, पण कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरत पावलाच्या वरच्या भागापर्यंत जाऊ लागली. खोकला आला की वीज चमकल्यासारखे. एक्स-रे काढला तर म्हणे 'मणक्यात गॅप आला'.

या 'गॅप' शब्दावर एकदा बोलायलाच हवे. विदर्भात प्रत्येक दुखऱ्या पाठीत गॅप असतो. प्रत्यक्षात एक्स-रेवर दिसते ते उलटे असते: दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते, कारण मधली गादी चपटी झालेली असते. गॅप आला नाही, होता तो कमी झाला. पण 'गॅप आला' ऐकले की माणसाच्या डोळ्यांसमोर सुट्या झालेल्या विटा येतात, आणि मग तो वाकायला, चालायला, शिंकायलाही घाबरतो.

सतराव्या दिवशी भाऊ माझ्याकडे आले. पाठीवर झोपवून डावा पाय सरळ उचलला तर ४० अंशांवरच कळ पायात उतरली. पावलाचा वरचा भाग आणि अंगठ्याजवळची जागा बधिर. अंगठा वर ओढायची ताकद उजव्यापेक्षा कमी. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत. हे सगळे पाचव्या कंबर-नसेकडे बोट दाखवत होते, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीकडे. लघवी अडते का, बसण्याची जागा बधिर वाटते का, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे आहे का, हे विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे 'हो' असती तर भाऊंना त्याच तासाला रुग्णालयात पाठवले असते. बाकीचे प्रश्न आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही म्हणून. सगळ्यांची उत्तरे 'नाही' आली.

मग वजन उचलण्याबद्दल विचारले. भाऊ म्हणाले, "मी कुठी उचलतो जी? उचलते तर हमाल. मी फक्त सरकवतो." मी कागदावर लिहिले: 'वजन उचलत नाही.' पुढचे सहा आठवडे तो कागद माझ्यासमोर होता.

गादीत काय झाले असावे

दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेर तंतूंची घट्ट कडी आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. तरुणपणी त्या गरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, वयाबरोबर ते कमी होते. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जात नाहीत. वरच्या-खालच्या मणक्यांच्या पातळ पृष्ठभागांतून अन्न आणि प्राणवायू झिरपत येतो, आणि मधल्या काही पेशी जवळच्या रक्तापासून सात-आठ मिलिमीटर लांब असतात. शेवटच्या घराला नळाचे पाणी जसे दाब कमी झाला की आधी बंद होते, तसे या पेशींचे आहे.

म्हणूनच तंबाखूचा संबंध येतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. एकाने आयुष्यभर सिगारेट ओढलेली आणि दुसऱ्याने नाही, अशा एकसारख्या जुळ्यांच्या कंबरेचे एमआरआय १९९१ मध्ये तपासले गेले, तेव्हा ओढणाऱ्यांच्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. तो अभ्यास सिगारेटचा होता, पण खर्ऱ्यातही निकोटीन तेच.

पण सगळे खापर खर्ऱ्यावर किंवा टेंपोवर फोडता येत नाही. फिनलंडमधल्या जुळ्यांवर पुढेही वर्षानुवर्षे काम झाले. त्यातून निघालेली गोष्ट आम्हा फिजिओथेरपिस्टांना पचायला जड गेली: गाद्या किती झिजतील यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि जन्मभर ओझे वाहणे, गाडी चालवणे यांचा वाटा आम्ही समजत होतो त्याहून पुष्कळ लहान. भाऊंच्या बाबतीत हे मला दुसऱ्या महिन्यात कळले. त्यांचे वडील साठीच्या आधीच कंबरेत वाकलेले. मोठा भाऊ आयुष्यभर खुर्चीवर बसून हिशेब लिहिणारा, आणि त्याचे ३८व्या वर्षी गादीचे ऑपरेशन झालेले. एक जण टेंपो चालवणारा, एक जण खुर्चीतला, आणि दोघांची गादी कच्ची.

म्हणजे झीज बऱ्याच अंशी वारशाने आली. पण ती झिजलेली गादी कधी आणि कशी फुटायची, यात मात्र त्या पहाटेचा हात होता. झोपेत गादी पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. उठल्यावर पहिला तास-दोन तास ही ताणलेली गादी वाकण्याला सर्वात कमी दाद देते. भाऊ नेमके उठल्याबरोबर कॅरेट भरायला वाकायचे. त्यानंतर दोन तास चालकाच्या सीटवर पोक काढून बसायचे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार-सहा हेलकाव्यांच्या कंपनाला सर्वात जास्त डोलतो आणि मालवाहू गाडीचे कंपन बरेचसे तिथेच असते. त्याने पाठीचे बंध सैल पडतात, स्नायू उशिरा सावध होतात. आणि अशा पाठीने गाडीतून उतरताक्षणी हौद्यात पिळा देऊन ओढणे.

एका स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीत दाब मोजणारी सुई बसवून घेतलेली मोजमापे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसते उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल. २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलले तर १.७, आणि अंगाशी धरले तर १.१. माणूस एकच होता, त्यामुळे आकड्यांचे देव्हारे माजवू नयेत. पण २० किलो म्हणजे जवळपास भाऊंचे एक कॅरेट, आणि ते अंगाशी नव्हे, हातभर लांब.

समोरचे पर्याय

पहिल्या भेटीत मी एमआरआय लगेच सांगितला नाही. पायातल्या कळेची अशी बहुतेक प्रकरणे सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनविना उतरतात, आणि ताकद थोडीच कमी होती. निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. तो ज्या पद्धतीने घेतला ती चुकीची होती. अंगठ्याची ताकद मी '५ पैकी ४' एवढीच टिपली. कोणत्या स्थितीत, किती वेळ दाब धरून, टाचेवर किती पावले चालता आले, हे काही लिहिले नाही. दुसऱ्या भेटीत वेदना कमी होती म्हणून ताकद पाहिलीच नाही. तिसऱ्या भेटीत अंगठा जास्त ढिला वाटला, आणि तो खरेच खालावला की आधीच तसा होता, हे सांगायला माझ्याकडे काही नव्हते.

तेव्हा सर्जनकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते बरोबरच होते. एमआरआय झाला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुटून तिचा गर डाव्या बाजूला बाहेर आलेला, खालची गादी सुकलेली, वरची थोडी फुगलेली. अहवाल दोन पाने भरून. भाऊंनी त्यातला 'डिजनरेशन' हा शब्द भाच्याकडून समजून घेतला आणि मला म्हणाले, "पाठ आतून सडून रायली ना जी?" त्यानंतरचे चार दिवस ते घरातल्या घरातही चालले नाहीत.

काही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र मांडणारा आढावा २०१५ मध्ये आला होता. चाळिशीतल्या अशा ठणठणीत लोकांपैकी ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या दिसल्या होत्या. हे आकडे मी भाऊंना सांगितले, पण अहवाल हातात पडल्यानंतर. एमआरआयला जाण्याआधी सांगितले असते तर ते चार दिवस गेले नसते. आणखी एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती: कागदावर सर्वात भीतिदायक वाटणारा, बाहेर पडलेला गर शरीर बहुतेकदा स्वतःच विरघळवते. नुसत्या फुगवट्यापेक्षा तो लवकर आकसतो.

एका सर्जनने त्याच आठवड्यात ऑपरेशन सुचवले. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्यांनी वेगळे सांगितले: ताकद आज ४ आहे, दर आठवड्याला मोजा. ३ वर आली, लघवीची तक्रार झाली, किंवा सहा आठवड्यांत काही फरक पडला नाही, तर ऑपरेशन. मधे कळ असह्य झालीच तर नसेजवळ इंजेक्शन.

घरात दोन तट पडले. मोठा भाऊ ऑपरेशनच्या बाजूने, कारण त्याला गुण आला होता. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, विरोधात, कारण त्यांनी कोणाच्या तरी बिघडलेल्या ऑपरेशनची गोष्ट ऐकली होती. मी नेदरलँड्समध्ये झालेल्या, २००७च्या चाचणीचे निष्कर्ष सोपे करून सांगितले. सहा ते बारा आठवडे सायटिका, म्हणजे अशी पायात उतरणारी कळ, असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचे लवकर ऑपरेशन केले, निम्म्यांना थांबवले. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावे लागलेच. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. ज्यांचा स्नायू पायाचे वजनही उचलू शकत नव्हता असे रुग्ण त्या चाचणीत नव्हते, हेही सांगितले, कारण भाऊंची ताकद तिथवर घसरली असती तर हे आकडे त्यांना लागू झाले नसते.

भाऊंनी विचारले, "ऑपरेशन केलं तं गाडीवर कधी बसीन?" सर्जनने सांगितलेला काळ आणि थांबण्याचा अंदाज यांत फार फरक नव्हता. थांबायचे ठरले. हप्ता भरायला गाडी पुतण्याला रोजावर दिली.

काय केले

सुरुवातीला मी सात व्यायाम दिले. दोनच व्हायचे. तिसऱ्या आठवड्यात यादी फाडली आणि तीन गोष्टी ठेवल्या: दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे चालणे, पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे (त्याने त्यांची कळ पायातून कंबरेकडे सरकायची, म्हणून तोच), आणि टाचांवर पंधरा पावले. टाचांची पावले व्यायामही होती आणि मोजमापही. पुढे कुल्ल्याचे आणि पाठीचे जोर वाढवणारे व्यायाम टप्प्याटप्प्याने आले. पट्टा काढून घेतला नाही, फक्त तो बांधून झोपून राहणे थांबवले. वेदनेची औषधे डॉक्टरांनी दिली.

सातव्या आठवड्यात मी एक गोष्ट केली जी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती: रविवारी त्यांच्या घरी जाऊन गाडी पाहिली. रिकामी कॅरेट हौद्यात ठेवून म्हटले, त्या पहाटेसारखे करून दाखवा. 'फक्त सरकवतो' म्हणजे काय ते तेव्हा दिसले. चाळीस-पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेणारा हमाल ती निदान अंगाशी घेतो. भाऊ भरलेले कॅरेट रोज तीसेक वेळा, हात लांब करून, वाकून, पिळून ओढत होते आणि त्याला काम समजत नव्हते.

कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून हातभर लांबीचा लोखंडी आकडा करून घेतला, पुढे वळवलेला, मागे आडवी मूठ. उभे राहून, पाय मागेपुढे ठेवून आकड्याने कॅरेट कडेला ओढायचे. सीटचा दबलेला फोम बदलला, कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल आला. काटोल नाक्याच्या अलीकडे एका टपरीवर दहा मिनिटे थांबायचे ठरले, चहासाठी नव्हे, चालण्यासाठी (चहा झालाच). कळमन्यात गाडी लावल्यावर आधी बाजाराला एक फेरी, मग हौद्यात चढायचे. उठल्यावर लगेच कॅरेट भरण्याचे काय करावे, यावर मात्र तोडगा सापडला नाही. बागवाले रात्री दीडच्या आधी माल देत नाहीत. शेवटी एवढेच जमले की पहिली दहा कॅरेट मजुराने उचलायची आणि भाऊंनी वर उभे राहून लावायची.

खर्ऱ्याचा विषय मी पाचव्या आठवड्यात काढला, तोही गादीच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने. तोंडाच्या कॅन्सरची भीती त्यांना पाठ होती आणि तिचा काही उपयोग उरला नव्हता. कंबरेशी खर्ऱ्याचा संबंध मात्र त्यांच्यासाठी नवा होता.

निष्पत्ती

अंगठ्याची ताकद चौथ्या आठवड्यानंतर खालावली नाही. आठव्या आठवड्यात कळ गुडघ्याच्या वर आली, अकराव्यात भाऊ रिकामी गाडी शहरात चालवू लागले. आंबिया हंगाम हातचा गेला, पण मृगाच्या मध्याला ते काटोलला गेले, आठवड्यात दोनच खेपा. ताकद चौदाव्या आठवड्यात दोन्ही पायांत सारखी झाली. पावलावरचा रुपयाएवढा बधिर तुकडा मात्र वर्षानंतरही तसाच आहे. पुन्हा एमआरआय केला नाही. करून निर्णय काही बदलणार नव्हता.

पुढच्या आंबियात त्यांना पुन्हा उसण भरली, पाच दिवसांची. तिसऱ्या दिवशी ते पायाळू बाईंकडे जाऊन आले आणि मला फोन करून तसे सांगितलेही. चालणे बंद केले नव्हते, म्हणून मी काही बोललो नाही. खर्रा दोन पुड्यांवर आहे. शून्यावर आलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

ताकदीचे मोजमाप पहिल्या दिवशी नीट केले असते, तर तिसऱ्या भेटीचा गोंधळ टळला असता. तरी सर्जनकडे जावे लागलेच असते, पण 'खालावतेय' की 'स्थिर आहे' हे हातात घेऊन. तो एमआरआय आठवडाभराने मागे गेला असता की नाही, यावर माझे आणि माझ्या सहकाऱ्याचे अजून एकमत नाही. तिच्या मते कमजोरी दिसली त्याच दिवशी सर्जनचे मत घ्यायला हवे होते.

'वजन उचलता का?' हा प्रश्न मी आता विचारत नाही. 'काल सकाळपासून काय काय केलंत, क्रमाने सांगा' असे विचारतो. वेळ जास्त लागतो. घरच्या माणसांना दुसऱ्याच भेटीत बसवतो, कारण चार दिवस पडून राहायला भाऊंना वहिनींनीच बजावले होते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. कुटुंबात कोणाचे गादीचे ऑपरेशन झाले आहे का, हा प्रश्न पहिल्या पानावर आला आहे.

मागच्या महिन्यात भाऊ वेगळ्याच कामाने आले. पोरगा १९ वर्षांचा, आता गाडीवर सोबत जातो. आजोबा, काका, वडील, सगळ्यांचे तेच, तर पोराचा एमआरआय आत्ताच काढून ठेवावा का? मी नको म्हणालो. विशीतल्या, काही दुखत नसलेल्या ३७ टक्के पोरांच्या गाद्याही झिजलेल्या दिसतात. कागद हातात येईल आणि पोरगा वाकायला घाबरेल. त्यापेक्षा तो हौद्यात आकडा वापरतो का, ते विचारले.

"त्याले लाज वाटते जी," भाऊ म्हणाले. "बाकीचे पोट्टे हसतेत."

पुढच्या रविवारी दोघांनाही गाडी घेऊन बोलावले आहे.